लिता स्तांतिक: निर्मातीचा वाटा नेमका किती?

प्रश्न
अर्जेंटिनाच्या चित्रपटांविषयी वाचताना मारिया लुईसा बेम्बर्ग आणि लुक्रेसिया मार्तेल या दोन्ही दिग्दर्शिकांच्या संदर्भात निर्मात्या म्हणून लिता स्तांतिक यांचे नाव येते. दोघींच्या जन्मात चार दशकांहून अधिक अंतर आहे आणि शैलीतही साम्य जवळजवळ नाही. मग स्तांतिक यांचे काम पैसा उभा करण्यापुरतेच होते, की त्यापलीकडचे? जाणकारांनी कृपया सांगावे.

पहिला प्रतिसाद
बेम्बर्ग देशातील अत्यंत श्रीमंत घराण्यातल्या होत्या, तेव्हा निदान त्यांच्या बाबतीत पैशाचा मुद्दा दुय्यम ठरतो. साठीच्या उंबरठ्यावर दिग्दर्शनाकडे वळलेल्या बेम्बर्ग यांना निर्मितीव्यवस्थेत मुरलेली सहकारी हवी होती, आणि स्तांतिक त्याच कामातून पुढे आलेल्या होत्या. ‘मोमेन्तोस’ (१९८१) पासून ‘यो, ला पेओर दे तोदास’ (१९९०) पर्यंत पाच चित्रपट दोघींनी मिळून केले. त्यांपैकी ‘कामिला’ (१९८४) सर्वांत गाजला. हुकूमशहा रोसास यांच्या राजवटीत, १८४८ मध्ये, गर्भवती कामिला ओ'गॉर्मन आणि तिचा प्रियकर असलेला धर्मगुरू यांना गोळ्या घालण्यात आल्या होत्या. ही कथा अर्जेंटिनात लष्करी सत्ता असताना (१९७६–८३) पडद्यावर आणणे अवघड होते, म्हणून १९८३ च्या डिसेंबरात लोकनियुक्त सरकार येताच तिचे चित्रीकरण सुरू झाले. वीस लाखांहून अधिक प्रेक्षकांनी तो पाहिला आणि त्याला ऑस्करचे नामांकनही मिळाले. योग्य क्षण हेरणे हे निर्मात्याचेच कसब आहे, असे मला वाटते.

दुसरा प्रतिसाद
मार्तेल यांच्या ‘ला सिएनागा’ (२००१) चे उदाहरण अधिक बोलके आहे. या पटकथेला १९९९ मध्ये सनडान्स या अमेरिकी चित्रपटसंस्थेचा पुरस्कार मिळाला, मात्र परीक्षकांनी ती एकदोन प्रमुख पात्रांभोवती नव्याने बांधण्याचे सुचवले. मार्तेल यांनी ते मानले नाही आणि चित्रपट त्याच पसरट, अनेक पात्रांच्या रूपात तयार झाला. बर्लिन चित्रपट महोत्सवात त्याला आल्फ्रेड बाउअर पुरस्कार मिळाला. नवख्या दिग्दर्शिकेला पहिल्याच मोठ्या चित्रपटात असे वागू देणारी निर्माती दुर्मीळच म्हणायची. दिएगो लेर्मान यांच्या ‘तान दे रेपेन्ते’ (२००२) मागेही त्याच होत्या.

तिसरा प्रतिसाद
वरील मतांशी सहमत आहे, परंतु स्तांतिक यांनी स्वतः दिग्दर्शित केलेला ‘उन मूरो दे सिलेन्सियो’ (१९९३) वगळून हे चित्र पुरे होत नाही. वर उल्लेखलेल्या लष्करी सत्तेच्या काळात बेपत्ता केल्या गेलेल्या माणसांवर चित्रपट करू पाहणाऱ्या इंग्रज दिग्दर्शिकेची ही कथा असून ती भूमिका व्हेनेसा रेडग्रेव्ह यांनी केली आहे. स्तांतिक यांचे जोडीदार, चित्रपटकार पाब्लो स्झिर, हेही त्याच बेपत्ता लोकांपैकी होते. त्यानंतर मात्र त्या पुन्हा निर्मितीकडे वळल्या आणि पुढील दशकभर प्रामुख्याने इतरांचे पहिले-दुसरे चित्रपट उभे करत राहिल्या.