आया सोफिया : 'गर्भगृह', 'मेहराब' की आणखी काही?

प्रश्न : इस्तंबूलच्या आया सोफियावर मराठीत माहितीपत्रक करतोय. 'एप्स'ला 'गर्भगृह' म्हटलेलं चालेल का? नावाचा अर्थ 'संत सोफियाचं चर्च' असाच ना?

उत्तर : दोन्ही टाळा. ग्रीक 'हागिया सोफिया' म्हणजे पवित्र प्रज्ञा. इथे ती ख्रिस्ताची उपाधी आहे, कुणा संत बाईचं नाव नव्हे. 'आया सोफिया' हे तुर्की रूप.

गर्भगृह दाराखेरीज सगळीकडून बंदिस्त, अंधारं असतं. एप्स म्हणजे पूर्वेकडचा अर्धवर्तुळाकार, खिडक्यांनी उजळलेला भाग. कार्ले-भाज्याच्या चैत्यगृहांसाठी आपण 'चापाकार' म्हणतोच, तेव्हा 'चापाकार कोनाडा' लिहा. 'मेहराब' तर मुळीच नको, कारण खरी मेहराब, म्हणजे नमाजासाठी मक्केची दिशा दाखवणारा मशिदीतला कोनाडा, त्याच चापाकार कोनाड्याच्या आत आहे. 1453 मध्ये चर्चची मशीद झाली. चापाकार कोनाडा नेमका पूर्वेला नसून साधारण आग्नेयेकडे तोंड करून आहे, मक्केची दिशा त्याहून दक्षिणेला सरकते. म्हणून मेहराब मध्यरेषेवर न बसता थोडी उजवीकडे आहे. दोन्हींना एकच शब्द वापरलात, तर हा तिरकसपणा वाचकाला कळणारच नाही, आणि इमारतीचा सगळा इतिहास त्यातच दिसतो.

आणखी एक : 'मोझेक' लिहिलं की आपल्याकडे घरातली फरशी आठवते. 'कुट्टिमचित्र' बरं, पहिल्यांदा येईल तिथे 'मोझेक' सोबत द्यावं. सोनेरी तुकडा म्हणजे काचेच्या दोन थरांमध्ये सोन्याचा वर्ख. हे तुकडे भिंतीत किंचित तिरपे बसवले की प्रकाश खाली उभ्या माणसाकडे परततो. सपाट बसवले तर चमक मरते. कोनाड्याच्या अर्धघुमटात 867 साली अनावरण झालेलं मरिया आणि बालयेशूचं चित्र आहे. मध्यंतरी संग्रहालय असलेली ही इमारत 2020 मध्ये पुन्हा मशीद झाल्यापासून नमाजाच्या वेळी त्यावर पडदा ओढतात. तेव्हा 'चित्र झाकलं जातं' लिहा, 'पुसलं' नको.

पेंडेंटिव्ह कसं लिहायचं? रुळलेला शब्द नाही, रचनाच सांगा : चार कमानींच्या मधल्या कोपऱ्यांतले अंतर्वक्र त्रिकोण. चौकोनावर सुमारे 31 मीटर व्यासाचा गोल घुमट ठेवायचा, तर भार या त्रिकोणांतून चार खांबांवर उतरतो. 537 चा पहिला घुमट फार उथळ होता, त्याचा रेटा बाहेरच्या बाजूला जाई. भूकंपांनी खिळखिळा होऊन तो 558 मध्ये कोसळला. मूळ वास्तुकारांपैकी एक असलेल्या इसिडोरच्या पुतण्याने, धाकट्या इसिडोरने, सुमारे 6 मीटर अधिक उंच घुमट बांधला. उंची वाढली तसा रेटा उभा उतरू लागला. 562 मध्ये तो पूर्ण झाला. पुढे 989 आणि 1346 मध्ये काही भाग पडला, तरी आकार तोच राहिला.

या त्रिकोणांवरच्या सहा पंखांच्या आकृतींना 'परी' म्हणू नका. मराठी बायबलमध्ये 'सराफीम' हा शब्द आहे, तोच वापरा.