गळतीच्या उंबरठ्यावरच्या मुलांसाठीचा सरकारी पैसा: फळ मोजायचं कसं?

पाटीपेन्सिल
शाळा सुटेल अशी भीती असलेल्या मुलांसाठी सरकार जादा निधी देतं. दोन वर्षांनी कोणीतरी तक्ता काढतं, या मुलांचे सरासरी गुण होते तिथेच दिसतात आणि निकाल लागतो: पैसा पाण्यात गेला. माझ्या मते मोजणीच चुकली आहे.

यादी कशी बनते बघा. समजा ३५ च्या खाली गुण असलेली मुलं यादीत घेतली. जादा शिकवणीने एक मुलगी ३० वरून ४५ वर गेली की तिचं नाव कटतं. तिच्या जागी ३० गुणांचं दुसरं मूल येतं. सरासरी जिथल्या तिथे! जी सुधारली, ती हिशोबातच नाही. म्हणून यादीची सरासरी सोडा आणि एकेका मुलाचा माग ठेवा, नाव कटल्यावरही.

ताळेबंद
अर्धीच बाजू मांडलीत. परीक्षेच्या दिवशी अंगात ताप होता म्हणून एखाद्याला २८ पडले. तो यादीत आला. पुढच्या वेळी कोणी काहीही न करता त्याला ४० पडतील. तुमच्या पद्धतीत ही वाढही योजनेच्या खात्यावर जमा होणार. तळातली मुलं निवडली की त्यातली बरीचशी आपसूक थोडी वर येतातच. अमेरिकेतल्या १९६६ च्या कोलमन अहवालातही, म्हणजे तिथल्या शाळांच्या मोठ्या सरकारी पाहणीत, गुणांचा संबंध शाळेच्या साधनांपेक्षा घरच्या परिस्थितीशी जास्त दिसला होता. करदात्याचा पैसा आहे, पुरावा भक्कमच हवा.

मधलीसुट्टी
ताळेबंद, तुमची शंका रास्त आहे, पण तिच्यावर उपाय आहे. ३४ वाल्याला मदत मिळाली, ३६ वाल्याला नाही. या दोघांत खरा फरक जवळपास नसतोच. रेषेच्या दोन्ही बाजूंच्या अशा मुलांची तुलना करा, तापाचा प्रश्न दोन्हीकडे सारखाच राहतो. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात १९८५ पासून याहून पुढे जाऊन मुलं चिठ्ठ्या टाकल्यासारखी लहान आणि मोठ्या वर्गांत वाटली होती. लहान वर्गातल्या मुलांचे गुण वाढले आणि गरीब घरच्या मुलांना फायदा जास्त झाला.

पाटीपेन्सिल
कोलमन अहवाल हे एका वेळचं चित्र होतं. २०१६ मध्ये जॅक्सन, जॉन्सन आणि पर्सिको या संशोधकांनी अमेरिकेत कोर्टाच्या निकालांमुळे जिथे शाळांचा खर्च वाढला तिथली मुलं मोठेपणापर्यंत तपासली. शाळेची बाराही वर्षं खर्च १० टक्के जास्त राहिला, तर गरीब घरातली मुलं सुमारे अर्धं वर्ष जास्त शिकली आणि पुढे त्यांची कमाईही वाढली. अमेरिकेतल्याच मिशिगनमधल्या पेरी बालवाडीच्या प्रयोगात, बालवाडी न मिळालेल्या मुलांच्या तुलनेत, बुद्ध्यांकातली आघाडी काही वर्षांत ओसरली होती. तेव्हाच हिशोब मिटवला असता तर योजना नापास! चाळिशीत मात्र तीच मुलं जास्त कमावत होती आणि त्यांना अटकही कमी वेळा झाली होती.

ताळेबंद
पेरीत मुलं होती १२३. एवढ्यावर अख्ख्या देशाचं धोरण ठरवायचं? आणि अंदाजपत्रक दर वर्षी मांडावं लागतं, चाळीस वर्षं थांबणार कोण? यंदाच्या मुलांचं यंदाच काही हाताला लागलं पाहिजे, नाहीतर निकामी योजना वर्षानुवर्षं चालूच राहतात आणि त्यात नुकसान याच मुलांचं होतं.

फळाखडू
मी शिकवते, म्हणून लिहिते. यंदाचे गुण हीच कसोटी ठरवून त्यावर बढत्या आणि बक्षिसं टांगली की काय होतं हे अमेरिकेतल्या अटलांटा शहरात दिसलं. २०११ च्या चौकशीत १७८ शिक्षक-मुख्याध्यापकांची नावं आली, उत्तरपत्रिकांवरची चुकीची उत्तरं खोडून बरोबर केलेली होती. ज्या मुलांना खरंच मदत हवी होती, ती कागदावर हुशार झाली आणि त्यांची मदत हुकली. मला याचा अजूनही संताप येतो.

यंदाचं काही हवं असेल तर हजेरीपट उघडा. आधी आठवड्यातून एक दिवस गैरहजर, मग जोडून दोन दिवस, मग सलग आठवडा. धाकट्या भावंडाला सांभाळायला घरी कोणी नसतं. गुण घसरायच्या कितीतरी आधी हे पटावर दिसतं.

ताळेबंद
हजेरी चालेल, पण ती शाळेने स्वतः भरून पाठवलेली नको. बाहेरच्या माणसाने अचानक येऊन डोकी मोजावीत, आणि निधी न मिळालेल्या शाळांतही मोजावीत.

फळाखडू
या खुशाल. फक्त वर्गात नसलेलं मूल कुठे आहे, हेही त्याच दिवशी त्याच्या घरी जाऊन विचारा.