विश्वास उरला नाही, केस मात्र आहेत. काय करू?

गोदाकाठ

मी नांदेडचा शीख. वय १७, बारावी सायन्स. घरात दखनी, बाहेर मराठी. महाराजा रणजितसिंहांनी सचखंड गुरुद्वाऱ्याचं बांधकाम करवलं, त्या काळात आमचे पूर्वज पंजाबातून आले आणि इथलेच झाले, असं आजी सांगते.

सरळ मुद्द्यावर येतो. वर्षभरापासून माझा विश्वास उडालाय. आजी पहाटे जपजी (सकाळची प्रार्थना) म्हणते तेव्हा मी शेजारी बसून ओठ हलवतो. पूर्वी त्या आवाजाने बरं वाटायचं, आता घड्याळाकडे लक्ष असतं. देव आहे की नाही हे मला माहीत नाही आणि माहीत असल्यासारखं वागणं जड जातंय.

आता केस. कमरेपर्यंत आहेत. रविवारी धुतले की वाळेपर्यंत दुपार होते, पावसाळ्यात संध्याकाळ. जुडा घट्ट बांधून बांधून कपाळावरची रेषा मागे सरकली आहे. त्वचेच्या डॉक्टरांनी सैल बांधायला सांगितलं. सहावीत एका मुलाने माझा पटका (लहान पगडी) ओढून वर्गात फेकला होता. ‘बारा वाजले का’ हा सरदारांवरचा टोमणा अजूनही ऐकतो. पण या त्रासापायी मी केस कापायला निघालोय असं कुणी समजू नये. त्रासाची सवय झाली आहे. पगडी बांधून घराबाहेर पडलो की मी न बोलताच सगळ्या गावाला सांगत असतो की मी मानतो. आणि मी मानत नाही. याची सवय होत नाहीये.

अमृत छकलेलं नाही, म्हणजे खालशाची दीक्षा घेतलेली नाही. वडिलांकडे एकदा विषय काढून पाहिला. “या घरात आहेस तोवर हे बोलायचं नाही,” म्हणाले. आई त्या रात्री जेवली नाही.

मानत नसताना घरच्यांसाठी केस ठेवणं हा खोटेपणा आहे का? की अठरा पूर्ण होईपर्यंत गप्प बसावं? शिव्या देणाऱ्यांनी आणि ‘आमच्या धर्मात ये’ म्हणणाऱ्यांनी कृपया लांब राहावं.

हजूरी चाचा

बेटा, मोकळेपणाने विचारलंस हे चांगलं केलंस. माझं उत्तर मात्र ‘कापू नकोस’ असंच आहे. का ते ऐक.

केस ही गुरूची मोहर आहे. १६९९ च्या वैशाखीला आनंदपुरात गुरू गोविंदसिंहांच्या हाकेला ज्या पाच जणांनी शीर देऊ केलं, त्यातले भाई साहिबसिंह आपल्या शेजारच्या बिदरचे. परंपरा सांगते की ते न्हावी होते. ज्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या वस्तरा चालला त्या माणसाने केस राखण्याचं व्रत घेतलं आणि पुढे चमकौरच्या लढाईत देह ठेवला. १७४५ मध्ये लाहोरात भाई तारूसिंहांनी केसांऐवजी डोक्याची कातडी दिली. अरदाशीत, म्हणजे आपल्या प्रार्थनेत, रोज ‘खोपरियां लुहाइयां’ (डोक्याची कातडी सोलून घेतली) म्हणतो तेव्हा त्यांचीच आठवण करतो आपण. बंदासिंह बहादूर तर आपल्या नांदेडातच गुरूंना भेटले. १७१६ मध्ये दिल्लीत त्यांच्या माणसांच्या कत्तली चालल्या होत्या, तेव्हा एका पोरसवदा मुलाची आई ‘हा शीख नाही’ असं सांगून त्याच्या सुटकेचा हुकूम घेऊन आली. मुलगा म्हणाला, आई खोटं बोलते. आणि मेला. हे मुघल इतिहासकार खाफी खानाने लिहून ठेवलंय, तो काही आपला माणूस नव्हता.

विश्वास आटतो. १९८४ नंतर दोन-तीन वर्षं माझाही आटला होता. मराठवाड्यातला आहेस, तुला कळेल. दुष्काळात विहिरीला पाणी नाही म्हणून कोणी ती बुजवत नाही.

विवेकवादी पुणेकर

चाचांचा आदर ठेवून पूर्ण विरोध. त्या दिल्लीच्या मुलाची गोष्ट तुम्ही सांगितलीत, पण ती नीट ऐका ना! खोटं बोलून जगायला तो तयार नव्हता. गोदाकाठसुद्धा अगदी तेच म्हणतोय.

गुरू नानकांनी लहानपणी जानवं घालून घ्यायला नकार दिला. दयेचा कापूस, संतोषाचं सूत, संयमाची गाठ आणि सत्याचा पीळ असलेलं जानवं असेल तर घाल, असं पुरोहिताला सुनावणारा तो मुलगा या मुलापेक्षाही लहान होता. भगतसिंगांनी १९३० मध्ये लाहोरच्या तुरुंगात स्वतःच्या नास्तिकतेबद्दल लिहिलं. त्यात ते सांगतात की केस राखू लागले होते तेव्हाही शीख काय किंवा दुसऱ्या कुठल्या धर्माच्या पुराणकथांवर काय, त्यांचा विश्वास बसला नव्हता. पुढे केस कापले. त्यांना कुणी गद्दार म्हणतं का?

दुसऱ्याच्या डोक्यावरच्या केसांवर हक्क सांगणं हा आपल्या मराठी समाजाचाही जुना रोग आहे. विधवांचं केशवपन आपणच करत होतो. १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या न्हाव्यांनी ‘या बायकांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही’ असं ठरवून संप केला. मित्रा, डोकं तुझं, केस तुझे. अठरावा वाढदिवस सलूनमध्ये साजरा कर.

हजूरी चाचा

भगतसिंगांनी केस कापले ते पोलिसांना गुंगारा देण्यासाठी, धर्म सोडला म्हणून नव्हे. अर्धी गोष्ट सांगू नका.

लेकीची आई

केशवपनाची तुलना मलाही खटकली. तिथे बाईचं जे होतं ते हिसकावून घेत होते. इथे शरीराला जे मिळालं ते तसंच राहू द्या असं सांगितलं जातं. दोन्हीकडे केस आहेत एवढंच साम्य.

पण मी चाचांच्या बाजूनेही नाही. मी अमृतधारी आहे, घाटकोपरला राहते, आणि गेली तीन वर्षं घरात हाच वाद चाललाय, फक्त माझं लेकरू मुलगी आहे. सगळे पगडीबद्दल बोलतात. मुलीच्या वाट्याला ओठांवरची लव आणि जुळलेल्या भुवया येतात, त्यांचं कौतुक करणारं गाणं कुणी म्हणत नाही. २००९ मध्ये पंजाब आणि हरयाणा उच्च न्यायालयाने केस हा शीख असण्याचा अविभाज्य भाग आहे असा निकाल दिला. तो खटला एका मुलीचाच होता. भुवया कोरल्या म्हणून तिला शीख कोट्यातून वैद्यकीय प्रवेश नाकारला होता. तो निकाल वाचून माझी लेक म्हणाली, “म्हणजे माझा धर्म दोऱ्याने उपटता येतो?” त्या दिवशी मला उत्तर देता आलं नाही.

आजही पूर्ण उत्तर नाही, पण एक सांगते. नवव्या गुरूंनी, तेगबहादूरांनी, १६७५ मध्ये चांदणी चौकात शीर दिलं ते दुसऱ्यांच्या टिळ्या-जानव्यासाठी. पहिल्या गुरूंनी जे जानवं स्वतः नाकारलं, ते घालणाऱ्यांवर जबरदस्ती होऊ नये म्हणून नववे गुरू मेले. भाई तारूसिंहांचे केस सुलतानी हुकमाने काढायचे होते, म्हणून त्यांनी दिले नाहीत. ही सगळी माणसं जबरदस्तीच्या विरोधात उभी राहिली आणि आपण त्यांची नावं घेऊन आपल्याच पोरांवर जबरदस्ती करतो. अरदाशीत आपण ‘केस दान’ मागतो. दान मागायचं असतं. दुसऱ्याच्या डोक्यावर लादलं तर त्याला दान कसं म्हणायचं?

कात्रीनंतर

मी कापलेत. तेव्हा वय १९, पुण्यात होस्टेलला होतो, शनिवारची दुपार. न्हाव्याने तीनदा विचारलं, नक्की ना? जुडा त्याने एका कात्रीत नाही, सात-आठ वेळा चालवून कापला. मान इतकी हलकी झाली की तोल जातोय असं वाटलं. त्या रात्री मला फार आनंद झाला होता, हे खोटं का सांगू. वडिलांना फोटो पाठवला. फोटो! बोललोसुद्धा नाही आधी.

त्यांनी दोन वर्षं माझ्याशी बोलणं टाकलं. मला वाटायचं, कर्मठ माणूस आहे. पुढे आत्याने सांगितलं ते मला कुणीच कधी सांगितलं नव्हतं. नोव्हेंबर १९८४ च्या शीखविरोधी दंगलीच्या वेळी वडील दिल्लीत शिकायला होते. शेजाऱ्यांनी त्यांना माळ्यावर लपवलं आणि तिथे, अंधारात, स्वतःच्या हाताने त्यांनी केस कापले, जीव वाचावा म्हणून. सरकारी आकड्यानुसार एकट्या दिल्लीत २७३३ शीख मारले गेले. वडील वाचले. पुन्हा केस वाढवायला त्यांना कितीतरी वर्षं लागली, आणि मी हौसेने कापलेल्या केसांचा फोटो पाठवला.

पुन्हा एकोणीस वर्षांचा झालो तर मी केस कापेन. पण आधी त्यांच्यासमोर बसेन, आणि माझं सांगण्याआधी त्यांचं विचारेन. गोदाकाठ, तुझ्या घरातही कात्री या शब्दामागे काहीतरी असू शकतं. विचार.

आणखी एक. आता ट्रेनमध्ये लोक माझ्यासमोर सरदारांचे विनोद करतात, कारण मी कोण ते दिसत नाही. दर वेळी बोलावं की गप्प बसावं हे ठरवावं लागतं. पगडीत असताना निदान हा प्रश्न नव्हता.

विवेकवादी पुणेकर

@कात्रीनंतर, वाचून गलबललो. तरी म्हणतो, वडिलांच्या जखमेची किंमत मुलाने आयुष्यभर डोक्यावर वाहायची का? जखम समजून घ्यावी, मान्य. निर्णय तरी त्याचाच राहतो. मात्र ‘सलूनमध्ये साजरा कर’ हे माझं वाक्य मागे घेतो. ते उथळ होतं.

वारकरी शेजारी

मी शीख नाही, पंढरीचा माळकरी. पण नामदेवरायांची ६१ पदं तुमच्या गुरू ग्रंथ साहिबात आहेत, त्या नात्याने बोलतो.

त्याच ग्रंथात कबीरांचा श्लोक आहे: ‘कबीर प्रीति इक सिउ कीए आन दुबिधा जाइ, भावै लांबे केस कर भावै घररि मुडाइ.’ एकावर प्रेम जडलं की बाकीची दुविधा सरते, मग लांब केस ठेव नाहीतर सफाचट कर. पोरा, मला वाटतं तुझा खरा प्रश्न पहिल्या ओळीतला आहे आणि तू दुसऱ्या ओळीशी झगडतोयस. आमच्याकडेही माळ गळ्यात आणि मन बाजारात असलेले हजारो आहेत. मी स्वतः दोन वर्षं माळ काढून ठेवली होती. पुन्हा घातली तेव्हा गावात कुणाला कळलंही नाही. तुझं तसं नाही, तुझं सगळ्यांना दिसतं, हे मला समजतं.

हजूरी चाचा

माउली, नामदेवांचं नाव घेतलंत, हात जोडतो. पण त्या श्लोकाचा अर्थ असा ओढू नका. कबीर जटा वाढवणाऱ्या आणि मुंडण करणाऱ्या बैराग्यांना बोलतायत, बाह्य वेशाने देव भेटत नाही म्हणून. खालसा त्यांच्यानंतर कितीतरी पिढ्यांनी झाला. खालशाचे केस हा संन्याशाचा वेश नव्हे. कंगव्याने दोन वेळा विंचरून, स्वच्छ बांधून, संसारात राहून ठेवायचे असतात. जटा नकोत म्हणून तर कंगा दिला गुरूंनी.

लेकीच्या आईचं ‘दान’ मात्र माझ्या मनात दोन दिवस घोळतंय. माझा थोरला बारा वर्षांचा असताना मी त्याला पगडीसाठी मारलं होतं. त्याने आजवर केस कापले नाहीत. पण माझ्या घरी तो येत नाही.

लेकीची आई

चाचा, त्याला फोन करा. आजच.

गोदाकाठ, नियमाचंही स्पष्ट सांगते, कारण भीती अर्धवट माहितीतून वाढते. १९४५ ला मान्य झालेल्या शीख रहित मर्यादेत (आचारसंहितेत) केस काढणं हे चार मोठ्या कुरहितींपैकी (निषिद्ध गोष्टींपैकी) एक आहे. अमृत घेऊन ती केली तर माणूस पतित ठरतो आणि त्याला पुन्हा अमृत घ्यावं लागतं. म्हणजे परत यायची वाट तिथेही आहे. तू अमृत घेतलेलं नाहीस. त्यामुळे वचन मोडल्याचा बोजा डोक्यावर घेऊ नकोस. आणि अरदास पुढे नीट ऐक. ‘केस दान, रहित दान, बिबेक दान, विसाह दान, भरोसा दान.’ विवेकही मागतो आपण आणि भरोसाही. ज्यांच्याकडे भरोसा भरपूर आहे ते रोज कशाला मागतील?

गोदाकाठ

सगळ्यांचं वाचलं, काही दोनदा.

चाचा, तुमची विहीर मला अजून पटलेली नाही. ती आटली आहे की तिथे कधी पाणी नव्हतंच, हेच तर मला कळत नाहीये. आणि पुणेकर काका, वडिलांची जखम मी वाहायची का, याचं उत्तर मला ‘नाही’ असं लगेच देता येत नाही. एकाच घरात राहतो आम्ही.

काल रात्री आजीला सांगितलं. वडिलांच्या आधी तिला, कारण पहाटे तिच्या शेजारी खोटे ओठ हलवतो ते तिला माहीत असावं असं वाटलं. तिला माहीत होतं. म्हणाली, “सहा महिने झाले, तुझा आवाज येत नाही.” रडली नाही. तुझा विश्वास कधी गेला होता का, विचारलं. आजोबा गेले तेव्हा वर्षभर मत्था टेकायलाही गेली नव्हती म्हणाली, आणि हे माझ्या वडिलांना आजही ठाऊक नाही. मग तिने विचारलं, “कापलेस तर ते केस टाकशील कुठे?” मी याचा विचारच केला नव्हता.

आजपासून पहाटे बसायचं पण ओठ हलवायचे नाहीत, असं आमच्यात ठरलंय. वडिलांशी बोलताना ती शेजारी बसणार आहे. रविवारी बोलेन. कापायचं मनातून गेलेलं नाही, हे त्यांनाही सांगेन. तोवर जुडा सैल बांधतोय.