गोंधळाला गिटार चालते, मग पेडल का नको?

टिळकवाडीचा गिटारवाला:
आमच्या गटात संबळ, ढोलकी, टाळ आणि माझी अकॉस्टिक गिटार. जोगव्याची गाणी, भारुडं, अधूनमधून एखादं कन्नड जनपद (लोकगीत). परवा कार्यक्रम संपल्यावर एक ज्येष्ठ म्हणाले, "वाजवतोस बरं, पण पायाखालच्या त्या डब्या बंद कर. लोकगीताचं वाटोळं करूलालेत त्या." डब्या म्हणजे पेडल, तीनच: प्रीअँप (गिटारीचा बारीक आवाज उचलून देणारा), रिव्हर्ब (घुमारा देणारा), डिले (वाजवलेलं थोड्या वेळाने परत ऐकवणारा).

माझं म्हणणं असं. पिकअप (गिटारीचा आवाज वायरीत उतरवणारा तुकडा) लावून वायर ओढली तिथेच गिटारीचा खरा आवाज मागे राहिला. सॅडलखालचा, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीखालचा, पिझो पिकअप तारांचा दाब पकडतो, पेटीत घुमणारं लाकूड त्याला फारसं ऐकू येत नाही. म्हणून तो आवाज कोरडा, टकटकीत येतो. शिवाय पिझोला पुढे एक मेगाओमच्या आसपास किंवा वरचा इंपीडन्स (विजेच्या प्रवाहाला होणारा अवरोध) लागतो. तो थेट मिक्सरच्या लाइनमध्ये खुपसला की खर्ज गायब, नुसता पत्रा वाजतो. हरवलेलं परत आणण्यासाठी डब्या आहेत. विरोध करा, पण "परंपरा" एवढंच लिहून जाऊ नका.

खानापूरचा टाळकरी:
दादा, प्रीअँपला कोण नाही म्हणतंय? माझं भांडण डिलेशी, त्याहून जास्त लूपरशी (वाजवलेला तुकडा भरून तोच पुन्हा पुन्हा फिरवणारी डबी). गोंधळात, भजनात लय एका जागी बसत नाही, चढते. मिनिटाला १२० मात्रांना सुरू केलेलं गाणं बघता बघता १४० वर जातं. १२० ला मात्रा ५०० मिलिसेकंदाची, १४० ला साधारण ४२९. तुमचा डिले ५०० वरच अडलेला, म्हणजे मागून येणारा प्रत्येक ठोका टाळाला आडवा. लूपर तर त्याहून वाईट. एकदा भरलेले चार आवर्तन शेवटपर्यंत त्याच चालीने फिरणार. मग संबळवाला देवीकडे बघायचं सोडून तुमच्या पायाकडे बघत वाजवतो. कोण कुणाच्या मागे जायचं, ते सांगा.

निपाणीचा मंडपवाला:
मी साउंड लावतो, म्हणून जरा हसू आलं. सप्ताहात भजनी मंडळ येतं, बुवा माईकवर पहिलं वाक्य बोलतात ते "इको सोडा की वो!" इको कमी पडला तर चहाच्या वेळेला बोलणी मला. तिथे कुणाची परंपरा बुडत नाही. गिटारीने तेच केलं की परंपरा बाटली?

बाकी जागा बघा आधी. उघड्या शेतातल्या मंडपाला भिंत नाही, आवाज गेला तो गेला, तिथे थोडा रिव्हर्ब हवाच. दगडी सभामंडपात मात्र दगडच रिव्हर्ब देतो. वरून तुमचा घातला की शब्दांचा चिखल. आणि कंप्रेसर लावून मॉनिटरसमोर (वादकाकडे तोंड केलेल्या स्पीकरसमोर) उभे राहू नका. तो बारीक आवाज वर उचलतो, गिटारीची पोकळी साधारण १०० हर्ट्झच्या आसपास घुमते, मग ऊऽऽ सुरू. लोक माझ्याकडे बघतात, गिटारवाल्याकडे नाही.

टिळकवाडीचा गिटारवाला:
टाळकरी, डिलेला टॅप बटण असतं. लय चढली की पायाने चार ठोके द्यायचे, नवा वेळ बसतो.

खानापूरचा टाळकरी:
म्हणजे गाताना, वाजवताना, वर पायाने लय मोजत बसायचं. त्यापेक्षा डिले नसलेला काय वाईट?

शहापूरची वाचक:
मला वेगळंच सांगायचंय. हल्ली यल्लम्माच्या गाण्यांत गिटारवर ऑक्टेव्हरची डबी लावून चौंडक्यासारखा (यल्लम्माच्या गाण्यांतलं एकतारी वाद्य) खर्ज काढतात. सौंदत्तीच्या पौर्णिमेला जाऊन खरं चौंडकं ऐका. बगलेत धरून तारेचा ताण कमी-जास्त केला की सूर लवतो, आणि तो लवणारा सूरच त्या गाण्याचा प्राण. ऑक्टेव्हर एक सप्तक खालचा सूर देतो, लवत नाही. साधा असेल तर एका वेळी एकच सूर धड पकडतो, कॉर्ड वाजवला की गोंधळतो. पण मुद्दा आवाजाचा नाही. आपल्या तालुक्यात चौंडकं वाजवणारी माणसं आहेत, त्यांना बिदागी देऊन बोलवा. लोकगीत म्हणून पाटी लावायची आणि लोकांना घरी बसवायचं, हे बरोबर नव्हे.

टिळकवाडीचा गिटारवाला:
ताई, बिदागीचं पटलं. पण दर कार्यक्रमाचं बजेट तेवढं नसतं. शिवाय मी चौंडक्याची नक्कल करत नाही, माझा ऑक्टेव्हर नाहीच.

वडगावचे निवृत्त शिक्षक:
सगळे विसरता की पेटी, म्हणजे हार्मोनियमसुद्धा, परदेशातून आली. १९४० ते १९७१ आकाशवाणीवर तिला बंदी होती. आज पेटीशिवाय भजन उभं राहत नाही. इफेक्टचंही तेच होईल, पैज लावा.

शहापूरची वाचक:
सर, बंदीमागे एक खरं सांगीतिक कारणही होतं. पेटीला मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) येत नाही, सूर बांधलेले. आज पेटी सर्रास वाजते, पण ती उणीव गेली नाही. आपण सोय पत्करली इतकंच. चालून गेलं म्हणून चांगलं ठरतं का?

वडगावचे निवृत्त शिक्षक:
आणि तानपुऱ्याचं? मिरजेचा तंबोरा आपल्या शेजारचा, तरी निम्मे गायक बेंगळुरूच्या राडेल कंपनीचा इलेक्ट्रॉनिक तानपुरा लावून रियाझ करतात. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली दोरा सरकवून जवारी (तारेचा तो झणझणता गुंजारव) काढतात, तोही आवाजात केलेला फेरफारच की. फक्त त्याला बॅटरी लागत नाही.

खानापूरचा टाळकरी:
सर, जवारी तंबोऱ्याच्या अंगातून निघते. वाजवणारा तार छेडायचं थांबला की ती विरते. लूपर थांबत नाही, गायक पाणी प्यायला गेला तरी वाजत राहतो. एवढा फरक तरी मानाल?

उचगावचा पोरगा:
१९६५ मध्ये अमेरिकेत न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात गायक बॉब डिलन इलेक्ट्रिक गिटार घेऊन उभा राहिला तेव्हाही लोक ओरडले होते.

निपाणीचा मंडपवाला:
मर्दा, तिथे गिटारच बदलली होती, मागे अख्खा बँड होता. इथे अकॉस्टिकला रिव्हर्ब द्यायचा की नाही एवढंच चाललंय.

टिळकवाडीचा गिटारवाला:
बरं. पुढच्या कार्यक्रमाला प्रीअँप आणि थोडा रिव्हर्ब ठेवतो. डिले फक्त सुरुवातीच्या आलापाला, ताल सुरू होईपर्यंत. लूपर पिशवीतून काढायचा नाही. टाळकरी, चालेल?

खानापूरचा टाळकरी:
आलापापुरता चालेल. संबळ पडला की बंद.

निपाणीचा मंडपवाला:
सगळ्या पेडलना एकच अडॅप्टर वाटून लावून येऊ नका एवढं बघा, डिजिटल डबी असली की किंचाळी येते. जनरेटरवर अर्थिंग नीट नसलं तर ५० हर्ट्झचा गुंजारव वेगळाच. नऊ व्होल्टच्या नव्या बॅटऱ्या घेऊन या, माझ्याकडे मागू नका.