प्रायमरीला मराठीत काय लिहायचं? आणि ‘अपक्ष मतदार’ हा काय प्रकार आहे?

कोरा_कागद
मंडळी जरा मदत हवीये. अमेरिकेच्या निवडणुकीवरचा एक लेख तपासतेय, २०२४ च्या न्यू हॅम्पशरच्या प्रायमरीबद्दल आहे. त्यातलं वाक्य असं, ‘न्यू हॅम्पशर प्राथमिक निवडणुकीत अपक्षांनी हेली यांना साथ दिली, तरी ट्रम्प विजयी झाले’. हेली म्हणजे निकी हेली, रिपब्लिकन पक्षाच्या तिकिटासाठी ट्रम्प यांच्यासमोर उभ्या होत्या त्या. व्याकरणाला काही धाड भरलेली नाही, पण आईला वाचून दाखवलं तर म्हणे अपक्षांनी म्हणजे कोणी, आमदारांनी का? पुढे डेलिगेटचं, म्हणजे पक्षाच्या अधिवेशनात जाऊन उमेदवारावर शिक्कामोर्तब करणाऱ्यांचं, सरसकट ‘प्रतिनिधी’ केलंय. या तीन शब्दांना तुम्ही काय वापरता?

जुनी_पाटी
‘प्राथमिक’ काढूनच टाका. आपल्याकडे प्राथमिक म्हणजे शाळा, आरोग्य केंद्र नाहीतर एकांकिका स्पर्धेची प्राथमिक फेरी. वाचणाऱ्याला वाटतं नोव्हेंबरच्या अध्यक्षीय निवडणुकीचाच हा पहिला टप्पा असावा. तसं काही नाही, पक्षाचं तिकीट कोणाला द्यायचं ते ठरवायची ही वेगळीच निवडणूक. ‘पक्षांतर्गत निवडणूक’ लिहा आणि मोकळ्या व्हा.

नॅशुआकर
पाटी, पक्षांतर्गत नाही हो पटत. मी न्यू हॅम्पशरमध्येच राहतो म्हणून जरा लांबण लावतो. पक्षांतर्गत म्हटलं की मला काँग्रेस अध्यक्षपदाची २०२२ ची निवडणूक आठवते, खर्गे ७,८९७ आणि थरूर १,०७२, मतदार पक्षाचेच, मोजणी पक्षाचीच, बाहेरच्याचा संबंध नाही. इथे प्रायमरी राज्य सरकार घेतं. तारीख सेक्रेटरी ऑफ स्टेट, म्हणजे निवडणुकांचं काम बघणारा राज्याचा अधिकारी ठरवतो, मतपत्रिका राज्य छापतं आणि दुसऱ्या कुठल्या राज्याची तसली निवडणूक असेल तर तिच्या किमान सात दिवस आधी आमची झालीच पाहिजे हे चक्क कायद्यात आहे. २०२४ ला डेमोक्रॅटांच्या राष्ट्रीय समितीने पहिला मान साउथ कॅरोलिनाला दिला, ३ फेब्रुवारीचा. आमच्या राज्याने ढिम्म न हलता २३ जानेवारीला निवडणूक उरकली. पक्ष म्हणतोय ही आम्ही धरत नाही, सरकार म्हणतं आम्ही घेणार, मग यात ‘अंतर्गत’ काय राहिलं? बायडन यांचं नावही छापलेलं नव्हतं, लोकांनी रिकाम्या ओळीवर हाताने लिहून मतं दिली आणि ते साठ टक्क्यांच्या वर मतं घेऊन पहिले आले.

जुनी_पाटी
बरं. पण उमेदवार तर पक्षाचाच निवडायचाय ना? मत द्यायला बाहेरचे कुठून आले?

नॅशुआकर
तेच तर कोरा_कागदच्या दुसऱ्या शब्दाचं उत्तर आहे. इथे मतदार यादीतच तुमच्या नावापुढे पक्ष लिहिलेला असतो, रिपब्लिकन किंवा डेमोक्रॅट, किंवा काहीच नाही. काहीच नाही वाले जवळपास ४० टक्के, म्हणजे दोन्ही पक्षांपेक्षा जास्त. सरकारी भाषेत ते ‘अनडिक्लेअर्ड’. हा माणूस प्रायमरीच्या दिवशी टेबलापाशी जातो, नाव-पत्ता सांगतो, ओळखपत्र दाखवतो, मग त्याला विचारतात कुठली मतपत्रिका देऊ. जी मागितली त्या पक्षाचा तो त्या क्षणापुरता कागदोपत्री होतो. मत टाकून झालं की बाहेर पडताना दुसरं टेबल असतं, तिथे एक कार्ड भरून सही केली की गडी परत बिनपक्षाचा. बरेच जण दाराकडे जाता जाता तेवढी सही ठोकूनच जातात. आधीपासून डेमोक्रॅट म्हणून नोंदलेल्याला मात्र त्या दिवशी रिपब्लिकन मतपत्रिका मिळत नाही, पक्ष बदलायची मुदत कित्येक महिने आधी संपलेली असते.

मधल्या_सुट्टीत
डिक्सव्हिल नॉच विसरलात की! मध्यरात्री बाराच्या ठोक्याला मतदान करणारं ते एवढंसं गाव. २०२४ ला सहा मतदार होते, चार रिपब्लिकन, दोन हे तुमचे बिनपक्षाचे, आणि सहाच्या सहा मतं हेलींना. राज्यात मात्र ट्रम्प साधारण ५४ टक्के, हेली ४३.

शब्दखडा
मग ‘अपक्ष’ बादच. मराठीत अपक्ष उभा राहतो, मत देत नाही. अपक्ष म्हणजे उमेदवार, निवडून आला तर अपक्ष आमदार, ज्याला निकालानंतर सगळे शोधत फिरतात. ‘अपक्ष मतदार’ ही जोडी इंग्रजीवरून उचललेली दिसते. ‘अघोषित’ही नको, त्याच्यापुढे आपला हात आपोआप आणीबाणी लिहितो. ‘तटस्थ’ तर साफ चूक, यातले कित्येक जण कडवे असतात, फक्त यादीत पक्ष लिहून देत नाहीत. अडचण शब्दाची कमी आणि वस्तूची जास्त आहे, आपल्या मतदार यादीत पक्षाचा रकानाच नाही. मी सरळ लिहीन ‘कुठल्याच पक्षाकडे नोंद नसलेले मतदार’. लांब आहे पण आईला विचारावं लागणार नाही.

आणि जाता जाता, नोंद असलेल्यालाही ‘पक्षाचा सदस्य’ म्हणताना जपून. आपल्याकडे सदस्य म्हणजे पावती फाडलेला नाहीतर मिस्ड कॉल दिलेला. तिथली नोंद सरकारदरबारी.

मधल्या_सुट्टीत
अर्ज भरण्याबद्दल काही असेल तर तिथेही बघा. न्यू हॅम्पशरात हजार डॉलर भरले आणि अटी पुऱ्या केल्या की नाव छापून येतं, म्हणून २०२४ ला दोन्ही पक्षांच्या मतपत्रिकांवर वीस-वीसच्या वर नावं होती. व्हर्मिन सुप्रीम नावाचा एक गृहस्थ डोक्यावर बूट घालून दरवेळी हजर. त्या हजाराला कोणीतरी ‘अनामत’ लिहिलेलं वाचलंय मी. अनामत परत मिळते हो, लोकसभेचे २५ हजार एक षष्ठांशाच्या वर मतं मिळाली की मिळतात. हे पैसे गेले ते गेलेच, ती फी. त्यामुळे तिथे डिपॉझिट जप्त होण्याची मजाच नाही.

जुनी_पाटी
पण ‘पक्षांतर्गत’ पूर्ण बाद नका करू. आयोवा राज्यात प्रायमरीऐवजी कॉकस असतं, ते पक्षच घेतो ना? संध्याकाळी शाळेच्या नाहीतर चर्चच्या हॉलमध्ये जमायचं, भाषणं ऐकायची. २०२० ला डेमोक्रॅट आपापल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात जाऊन उभे राहिले होते, १५ टक्के नाही भरले तर दुसऱ्या कोपऱ्यात जायचं. ते पक्षांतर्गत. आणि काँग्रेसने २०१४ च्या लोकसभेला मोजक्या मतदारसंघांत मतदानाने उमेदवार ठरवायचा केलेला प्रयोग, आपल्याकडे वर्धा आणि लातूर, तोही पक्षांतर्गतच, मत पक्षाच्या लोकांनाच होतं. गंमत म्हणजे त्याला तेव्हा सगळे प्रायमरीच म्हणत होते.

शब्दखडा
मान्य, कॉकसला तुमचा शब्द चालेल. प्रायमरीला मी ‘प्रायमरी’च ठेवीन, पहिल्यांदा येईल तिथे ‘पक्षाचा उमेदवार ठरवणारी प्रायमरी’ आणि नंतर नुसतं प्रायमरी. बजेट, तिकीट, डिपॉझिट पचवलेल्या वाचकाला हे जड नाही. डेलिगेटला ‘अधिवेशन प्रतिनिधी’, कारण नुसतं प्रतिनिधी म्हटलं की लोकप्रतिनिधी समोर येतात, आणि अमेरिकेच्या बाबतीत तर प्रतिनिधीगृहाचीही भानगड आहे.

‘विजयी’ पण तपासा. रिपब्लिकनांचे तिथले एकूण २२ अधिवेशन प्रतिनिधी मतांच्या प्रमाणात वाटले गेले, हेलींनाही त्यातले मिळाले. ‘पहिले आले’ जास्त बरोबर.

कोरा_कागद
आभार सगळ्यांचे. आत्ता असं केलंय: ‘न्यू हॅम्पशरच्या रिपब्लिकन प्रायमरीत कुठल्याच पक्षाकडे नोंद नसलेल्या अनेक मतदारांनी हेली यांना मतं दिली, तरी पहिले आले ते ट्रम्प.’ पुढच्या पानावर ‘महामंगळवार’ आहे, एकाच मंगळवारी बऱ्याच राज्यांत प्रायमरी होतात तो. तो ठेवू की सुपर ट्यूसडे?

मधल्या_सुट्टीत
ठेवा की, झकास आहे. फक्त अंगारकी समजून कोणी उपास धरला तर जबाबदारी तुमची.