हातांनी शिकणं की स्क्रीनवर? बालवाडीच्या वयातले तुमचे अनुभव सांगा

मुलगी साडेतीन वर्षांची, बालवाडी शोधतेय. एका शाळेत आधी स्मार्टबोर्ड दाखवला. वाळूचा हौद आहे का विचारलं, तर म्हणे "कपडे मळतात, पालक तक्रार करतात." या वयात दिवसाला तासाभराहून जास्त स्क्रीन नको, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्येच सांगितलंय. ते सोडा, तुम्ही स्वतः काय पाहिलंत ते लिहा.

• मी अंगणवाडी सेविका, डहाणू तालुका. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं, १९५७ मध्ये ते अनुताई वाघांसह कोसबाडच्या टेकडीवर गेलं. माँटेसरीची महागडी साधनं खेड्यात कुठली? त्यांनी शिंपले, बिया, पानं, खडे घेतले. मी आजही तेच वापरते. (गुंजा मात्र नाही, विषारी असतात.) वाटीत पाच-पाच चिंचोके टाकता टाकता पोरं आपसूक मोजायला लागतात. मोबाईल आहे, पण तो पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपसाठी. वजन, उंची, हजेरी, सगळं त्यात भरायचं. रेंज गेली की मी फोन उंच धरून अंगणभर फिरते आणि पोरं माझ्यामागे. आमच्याकडे स्क्रीन पोरांचा वेळ खात नाही, बाईंचा खाते.

• ठाण्यात नर्सरीला शिकवते. काचेवर बोटाने 'अ' झकास गिरवणाऱ्या मुलांना कात्री धरता येत नाही, डब्याचं झाकण निघत नाही. म्हणून आधी कणीक मळणं, मटार सोलणं, चिमट्याने कापूस उचलणं. आया विचारतात, "मॅडम, लिहायला कधी घेणार?" आधी बोटांत जोर येऊ दे की!

• मी जरा वेगळं लिहितो. माझा मुलगा ऑटिस्टिक आहे, बोलत नाही. आधी थेरपिस्टने चित्रांची कार्डं दिली, मग टॅब. चित्र दाबलं की "पाणी" ऐकू येतं. मातीत तोही मनसोक्त खेळतो, पण भूक लागल्याचं माती सांगत नाही. सगळ्यांना एकच नियम लावू नका.

• दादा, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. बरं झालं लिहिलंत.

• नातू न्यूजर्सीला. व्हिडिओ कॉलवर मी मोदकाच्या कळ्या पाडते, तो तिकडे खेळण्यातल्या मातीच्या पाडतो. पारी फाटली की चिडतो, परत लाटतो. आता याला स्क्रीन म्हणायचं की हातकाम, तुम्हीच ठरवा.

• डहाणूच्या ताई, चिंचोके नाकात नाही का घालत?

• घालतात की! म्हणून लहानग्यांना करवंट्या आणि मोठी झाकणं. चिंचोके फक्त मोठ्यांना, तेही माझ्या डोळ्यांसमोर. मोजून द्यायचे, मोजून परत घ्यायचे.