बाजारात फोटो काढले म्हणून कार्ड फॉरमॅट केलं. असं करता येतं का?

खडूफळा

नमस्कार. मी निवृत्त शिक्षक, वय ६३. चार वर्षं झाली, आमच्या तालुक्याच्या गावात गुरुवारचा बाजार भरतो तिथे फोटो काढतो. विषय एकच, हातच्या कसबावर पोट भरणारी माणसं. बुरूड, दोरखंड वळणारे, पाट्या-वरवंट्याला टाकी लावणारे, कल्हईवाले.

गेल्या गुरुवारी साडेनऊच्या सुमाराला कल्हईवाल्यापाशी बसलो होतो. त्याने सांगितलं, हा शेवटचा बाजार, पुढच्या आठवड्यापासून मुलाकडे राहायला जाणार. मी अधाशासारखा फोटो घेतले. भाता, निखारे, नवसागराचा पांढरा धूर, पातेल्यात फिरणारा कापसाचा बोळा. तेवढ्यात मागच्या रांगेतल्या भाजीवाल्या बाई उठून आल्या, "माझा फोटो कशापायी काढला?" मी म्हटलं, तुमचा नाही काढला. आवाज वाढला आणि बंदोबस्तावरचा शिपाई आला. परवानगीचं पत्र मागितलं. नाही म्हटल्यावर कॅमेरा हातातून घेतला, मोबाइलच्या दुकानातल्या पोराला बोलावलं आणि कार्ड फॉरमॅट करायला लावलं. "काका, घरी जा आता." कागद नाही, नोंद नाही. १८६ फोटो होते. दुसऱ्या दिवशी कल्हईवाला खरंच गाव सोडून गेला.

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. अशी परवानगी लागते का? पोलिसाला फोटो पुसता येतात का? आणि त्या बाईंना हरकत घेण्याचा हक्क होता का? तिसरा प्रश्न मला जास्त छळतो आहे.

निगेटिव्ह

सर, बाकी सगळं नंतर. कार्ड आत्ताच्या आत्ता कॅमेऱ्यातून काढा आणि त्यावर एकही नवा फोटो घेऊ नका. कॅमेऱ्यातल्या साध्या फॉरमॅटने बहुतेक वेळा नुसती यादी पुसली जाते, फोटो कार्डावर तसेच पडून असतात. नवीन काही लिहिलं गेलं की मग ते जातात. फोटोरेक नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे. कार्ड रीडरला लावा, सापडलेल्या फायली संगणकात उतरवा, चुकूनही त्याच कार्डावर नको. फायलींची मूळ नावं जातील, फोटो मिळतील. मी वृत्तपत्रात २८ वर्षं फोटो काढतो आहे, माझे दोनदा असेच परत आले आहेत.

फौजदारी_वकील

सर, सार्वजनिक रस्त्यावर किंवा बाजारात स्वतःसाठी फोटो काढायला परवानगी घ्या असं सांगणारा सर्वसाधारण कायदा आपल्याकडे नाही. मॉल, देवस्थान, संग्रहालय इथे त्या त्या संस्थेचे नियम असतात, ते पाळावे लागतात. ड्रोनचं वेगळं, त्याला २०२१ चे नियम आहेत. आठवडे बाजारात यातलं काही येत नाही.

आता शिपायाचं. संशयास्पद वस्तू जप्त करण्याचा अधिकार पोलिसांना भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०६ ने दिला आहे, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत (सीआरपीसी) तो १०२ मध्ये होता. पण वस्तू चोरीची असल्याचा किंवा काही गुन्हा घडल्याचा संशय हवा, आणि जप्ती म्हटली की कागद आला. यादी, साक्षीदारांच्या सह्या, मॅजिस्ट्रेटकडे अहवाल. १ जुलै २०२४ ला नवी संहिता लागू झाली तेव्हापासून कलम १०५ प्रमाणे जप्तीचं चित्रीकरणही करावं लागतं. जागेवर पुसून टाकण्याचा अधिकार या सगळ्यात कुठेही नाही. फोटोत गुन्हा असेल तर तो पुरावा झाला आणि पुरावा नष्ट करता येत नाही. गुन्हा नसेल तर कॅमेऱ्याला हात लावायला कारणच नाही. पुन्हा कुणी अडवलं तर शांतपणे एवढंच म्हणा, "जप्त करा आणि पंचनामा द्या."

पुष्कळदा १९२३ च्या ऑफिशियल सीक्रेट्स ॲक्टचा, म्हणजे सरकारी गुपितांच्या कायद्याचा, धाक दाखवतात. त्यातली 'प्रतिबंधित ठिकाणं' म्हणजे लष्करी तळ, शस्त्रागारं, दारूगोळ्याचे कारखाने. खडकी, देहूरोड, वरणगावला भिंतीवर पाट्या दिसतात तिथे कॅमेरा बाहेर काढू नका. रेल्वे आणि रस्तेसुद्धा केंद्र सरकारने तशी अधिसूचना काढली तरच त्यात येतात. पोलीस ठाणं तर येतच नाही. वर्ध्याच्या एका ठाण्यात व्हिडिओ काढला म्हणून या कायद्याखाली गुन्हा नोंदवला होता, तो मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये रद्द केला. ठाण्याच्या आतली ही गत, मग भाजीबाजाराची काय कथा?

लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. बाजारात सीसीटीव्ही असेल तर त्या दिवसाचं चित्रण जपून ठेवा असं पत्र आजच द्या, ते फार दिवस राहत नाही.

शेपूची_जुडी

सरांचा तिसरा प्रश्न कुणीच घेतला नाही, म्हणून लिहिते.

माझी आई ३१ वर्षं भाजी विकते. सहा वर्षांपूर्वी एका पाहुण्याने तिचा फोटो काढला, टोपलीवर हात ठेवून हसतानाचा. चांगला होता, मी नाही म्हणत नाही. दीड वर्षाने तोच फोटो कर्ज देणाऱ्या एका कंपनीच्या फलकावर लागला. खाली लिहिलं होतं, "आम्ही कर्ज घेतलं, आमचं भलं झालं." आईने आयुष्यात कर्ज घेतलं नव्हतं. अडत्याने फलक बघितला आणि उधारी बंद केली, बाई कर्जात आहे म्हणून. पहाटे चारला रोख पैसे मोजून माल उचलायचा म्हणजे काय असतं ते ज्याचं हातावर पोट आहे त्याला विचारा. तीन महिने आईने निम्मी भाजी आणली. फोटो कुणी विकला, किती पैसे मिळाले, आम्हाला आजतागायत कळलेलं नाही.

तेव्हा ती भाजीवाली ओरडली यात मला नवल वाटत नाही. तिला कायदा माहीत नसेल. आपला चेहरा कुठे जाईल हे आपल्या हातात नाही, एवढं मात्र तिला पक्कं माहीत आहे.

फौजदारी_वकील

ताई, फोटो काढणं आणि तो वापरणं या कायद्याच्या दृष्टीने दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जाहिरातीसाठी एखाद्याचं नाव किंवा चेहरा त्याच्या संमतीशिवाय वापरला तर त्याच्या खासगीपणाच्या हक्काचा भंग होतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये राजगोपाल विरुद्ध तामिळनाडू राज्य या निकालात म्हटलं आहे. २४ ऑगस्ट २०१७ च्या पुट्टस्वामी निकालात नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. तुमच्या आईंना त्याच वेळी नोटीस पाठवता आली असती. फलकाचा फोटो आहे का तुमच्याकडे? असेल तर मला निरोप पाठवा, फी घेणार नाही.

निगेटिव्ह

शेपूची_जुडी, तुमचं वाचून मी बराच वेळ काही लिहू शकलो नाही.

मी १९९८ पासून वारी कॅमेऱ्यातून बघतो. नीरेच्या काठी बायका उघड्यावर आंघोळ करतात, कारण दुसरी सोय नसते. ती जागा सार्वजनिक आहे. तिथे मी कॅमेऱ्यावर उपरणं टाकून चालतो आणि सोबतच्या नव्या पोरांनाही तेच करायला लावतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ई आहेच, तसले फोटो काढणाऱ्याला तीन वर्षं होऊ शकतात. पण कलम माहीत नव्हतं तेव्हाही उपरणं टाकतच होतो.

सर, बाजारात एकदा काढून दोनदा जावं. दुसऱ्यांदा जाताना प्रिंट घेऊन जावं.

खडूफळा

सगळ्यांचे मनापासून आभार. झालं ते सांगतो.

१८६ पैकी १४१ फोटो परत आले. कल्हईवाल्याचे ३८ होते, त्यातले नऊ मिळाले. धुराचा मिळाला. तक्रार दिली आहे, पोच माझ्याकडे आहे.

फोटो मोठे करून बघताना मला घाम फुटला. त्या भाजीवाल्या बाई तीन फोटोंत आहेत, मागे, तराजू धरून. चेहरा स्वच्छ ओळखू येतो. मी त्यांना तोंडावर "तुमचा नाही काढला" म्हणालो होतो.

काल गुरुवार होता. तिन्ही फोटोंचे प्रिंट घेऊन गेलो आणि आधी माझं चुकलं म्हणून सांगितलं. बाईंनी प्रिंट बराच वेळ न्याहाळले, मग बोट ठेवलं ते स्वतःच्या चेहऱ्यावर नाही, टोपलीजवळच्या, हद्द दाखवणाऱ्या पांढऱ्या पट्ट्यावर. त्यांची टोपली त्या रेषेच्या हातभर बाहेर होती. म्हणाल्या, "असेच फोटो काढून नेतात आणि आठ दिवसांनी गाडी येऊन माल उचलून नेते. मला वाटलं तुम्ही त्यातले."

तिन्ही फोटो त्यांच्यासमोर पुसले. मग त्यांनी टोपली रेषेच्या आत घेतली, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "आता काढा." तो फोटो इथे टाकत नाही, त्यांना विचारलेलं नाही.

कल्हईवाल्याच्या मुलाचं गाव त्यांनाच ठाऊक होतं. पुढच्या आठवड्यात धुराचा प्रिंट घेऊन जातो आहे.